विश्लेषण : कॉलेज सुरू होण्याआधीचे पाच दिवस इतके महत्त्वाचे का? दूरच्या शहरात शिकायला जाणाऱ्यांपुढचे प्रश्न काय?

बारावीनंतर राज्यातील हजारो विद्यार्थी घर सोडून पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत शिकायला जातात. प्रवेश मिळाला की निम्मी लढाई संपली, असे घरच्यांना वाटते. पण खोली, जेवण, कागदपत्रे, रस्ते आणि नवी माणसे ही दुसरी निम्मी लढाई पहिल्या तासिकेआधीच सुरू झालेली असते. त्यासाठी चार-पाच दिवस आधी पोहोचणे हा साधा उपाय आहे. तो सगळ्यांच्या आवाक्यात मात्र नाही. असे का होते, नियम काय सांगतात आणि यातून मार्ग काय, याविषयी...

आधी पोहोचल्याने नेमके काय साधते?

घर सोडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला लहान-लहान पण तातडीचे बरेच निर्णय घ्यावे लागतात. राहायचे कुठे, जेवायचे कुठे, कॉलेजला जायचे कसे, दुखले-खुपले तर दवाखाना कोणता, बँकेची शाखा कुठे, कपडे धुण्याची सोय काय. घरी असताना यातला एकही प्रश्न विद्यार्थ्यापुढे आलेला नसतो. तासिका सुरू झाल्यावर हेच प्रश्न अभ्यासाचा वेळ खातात. सकाळी साडेआठच्या प्रात्यक्षिकाला पोहोचायचे आणि त्याच दिवशी खोलीही शोधायची, हे दोन्ही नीट होत नाही. बहुतेकदा खोली मिळते, पण ती घाईने घेतलेली असते.

आधी आलेल्या विद्यार्थ्याला खोलीपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता एकदा चालून पाहता येतो, दोन-तीन मेसमध्ये जेवून एक ठरवता येते, गर्दी नसताना कार्यालयातली कामे उरकता येतात. मुख्य म्हणजे वर्गात बसताना डोक्यात विषयाखेरीज दुसरे फारसे काही राहत नाही.

मग बहुतेकांना आधी का पोहोचता येत नाही?

याचे मुख्य कारण प्रवेश प्रक्रियेच्या वेळापत्रकात आहे. राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून होतात. २०२५-२६ या वर्षापासून या प्रक्रियेत चार फेऱ्या करण्यात आल्या. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते. खालच्या पसंतीचे मिळाले तर 'बेटरमेंट'चा पर्याय घेऊन पुढच्या फेरीची वाट पाहता येते. चांगल्या महाविद्यालयाच्या आशेने अनेक जण थांबतात आणि ते योग्यही आहे. पण त्यामुळे आपण कोणत्या शहरात जाणार, हेच शेवटपर्यंत निश्चित नसते. वैद्यकीय प्रवेशात अखिल भारतीय कोटा आणि राज्याचा कोटा अशा दोन समांतर रांगा असतात, तिथे ही अनिश्चितता आणखी लांबते.

यादी लागली की प्रत्यक्ष हजर राहून प्रवेश निश्चित करायला मोजके दिवस मिळतात. गोंदिया, नांदेड किंवा नंदुरबारहून पुण्याला यायचे तर एक रात्र प्रवासातच जाते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. सलग सुट्ट्या किंवा सण आले की लांब पल्ल्याच्या गाड्या लवकर भरतात, आणि प्रवेशाची यादी येते तेव्हा हाती चार दिवसही नसतात. मग उरतात ते खासगी बसचे वाढलेले भाडे किंवा एसटी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळाल्याने मुली आणि त्यांच्या आयांसाठी हा खर्च हलका झाला आहे. वडील आणि मुलगा मात्र पूर्ण तिकीट काढून येतात. प्रवेश निश्चित करायला एकदा आणि सामान घेऊन राहायला दुसऱ्यांदा, असा दोनदा प्रवास करणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. म्हणून कागदपत्रे, फी, खोली आणि सामान सगळे एकाच फेरीत, दीड-दोन दिवसांत उरकले जाते.

घाईचा फटका सर्वात आधी कुठे बसतो?

खोलीत. पुण्यात पेठांपासून कर्वेनगर, धनकवडीपर्यंत 'कॉट बेसिस'वर राहण्याची पद्धत जुनी आहे. एका खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येकाचे वेगळे भाडे आणि वर अनामत. कॉलेज सुरू होण्याच्या आठवड्यात मागणी एकदम वाढते आणि घासाघीस करण्याची ताकद घरमालकाकडे जाते. पाणी किती वेळ येते, वीजबिल कसे वाटायचे, महिना पूर्ण होण्याआधी खोली सोडली तर अनामत परत मिळणार का, हे विचारायची सवड नसते. 'आत्ता घ्या, नाहीतर दुसरे थांबलेत' हे वाक्य अनेक पालकांनी ऐकलेले असते.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूने काही महत्त्वाच्या गोष्टी सांगतो. खोली किंवा फ्लॅट 'लिव्ह अँड लायसन्स'वर घेतला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे असल्याचे घरमालकाला सिद्ध करावे लागते. घरमालकाने ही जबाबदारी टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बारावी झालेले अनेक विद्यार्थी १७ वर्षांचेच असतात आणि भारतीय करार कायदा, १८७२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. अशा वेळी करार आई किंवा वडिलांच्या नावाने करावा लागतो. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही बाजूंची आधारद्वारे ओळख पटवली जाते. पालक संध्याकाळच्या गाडीने परतणार असतील, तर हे काम राहून जाते आणि मुलगा तोंडी बोलीवर राहू लागतो.

फी परत मिळते, मग खोलीचे पैसे का नाही?

कॉलेज बदलले तर शुल्क परत मिळण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे धोरण आहे. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास एक हजार रुपयांपेक्षा जास्त कपात नाही, असे आयोगाने सांगितले होते. पण पुढच्या फेरीत दुसऱ्या शहरातले कॉलेज मिळाले, तर खोलीची अनामत आणि मेसचे आगाऊ पैसे यांना असे कोणतेही संरक्षण नाही. त्यामुळे 'बेटरमेंट'ची वाट पाहणारा विद्यार्थी कात्रीत सापडतो. आधी खोली घेतली तर पैसे बुडण्याची भीती आणि नाही घेतली तर शेवटच्या घाईत मिळेल ती घ्यावी लागण्याची भीती. अशा विद्यार्थ्याने अंतिम फेरीपर्यंत दीर्घ मुदतीची खोली न घेता, ओळखीच्या ठिकाणी किंवा आठवड्याच्या बोलीवर राहणे कमी जोखमीचे ठरते.

करांचा मुद्दाही खोलीशी जोडलेला आहे. जीएसटी परिषदेच्या जून २०२४ मधील बैठकीत कॉलेजच्या आवाराबाहेरील वसतिगृहांना करातून सूट देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी दोन अटी आहेत. भाडे दरमहा प्रतिव्यक्ती २० हजार रुपयांपर्यंत असावे आणि मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा असावा. पावतीवर जीएसटी लावला गेला असेल आणि दोन्ही अटी पूर्ण होत असतील, तर विद्यार्थ्याने विचारणा करायला हरकत नाही.

सरकारी मदत वेळेत पोहोचते का?

सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांची वसतिगृहे हा गरीब विद्यार्थ्यांचा मोठा आधार आहे. तिथे जागा मर्यादित आणि निवड गुणवत्तेनुसार होते. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींकरिता पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास, विमुक्त-भटक्या विद्यार्थ्यांकरिता ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

स्वाधार योजनेच्या रचनेत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला भोजन भत्ता ३२ हजार, निवास भत्ता २० हजार आणि निर्वाह भत्ता ८ हजार, असे एकूण ६० हजार रुपये धरलेले आहेत. बारा महिन्यांनी भागले तर राहण्यासाठी महिन्याला सुमारे १,६६७ रुपये आणि जेवणासाठी सुमारे २,६६७ रुपये होतात. पुण्यात या रकमेत दोन वेळच्या मेसचे गणितही ओढूनताणूनच बसते, आणि कॉट मिळणे तर अवघडच.

रकमेपेक्षाही अडचण क्रमाची आहे. या योजनांचा अर्ज प्रवेश झाल्यावर करायचा, त्यासाठी कॉलेजचे आणि राहण्याच्या ठिकाणाचे पुरावे जोडायचे, छाननी व्हायची आणि मग पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा व्हायचे. म्हणजे अनामत आणि पहिले भाडे घरूनच भरावे लागते. ज्याच्यासाठी योजना आहे, त्याच्याकडेच ही आगाऊ रक्कम नसते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. पण राहण्या-जेवणाचा खर्च त्यात नाही. लेकीला दूर पाठवायचे की जवळच्या कॉलेजात घालायचे, हा निर्णय अनेक घरांत फीपेक्षा सुरक्षित खोलीवर ठरतो.

'इंडक्शन' याच कारणासाठी असते ना?

हो, आणि ती कल्पना भारतात नवीन नाही. आयआयटी गांधीनगरने २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. नियमित वर्ग त्यानंतर भरवायचे, असे ठरवले. २०१६ मध्ये आयआयटी बीएचयूने महिनाभराचा असाच कार्यक्रम घेतला. त्याच धर्तीवर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने म्हणजे एआयसीटीईने अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आणला. २०१९ मध्ये यूजीसीने सर्व पदवी अभ्यासक्रमांसाठी 'दीक्षारंभ' मार्गदर्शिका काढली. त्यात खेळ, कला, भाषेचा सराव, शहर व परिसराची भेट आणि पंधरा-वीस जणांच्या गटाला एक मार्गदर्शक शिक्षक अशी मांडणी आहे.

ही मांडणी चांगली असली तरी तिची भिस्त विद्यार्थी पहिल्याच दिवशी हजर असण्यावर आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेणारा विद्यार्थी येतो तेव्हा कार्यक्रम संपलेला असतो, गट तयार झालेले असतात, वसतिगृहातल्या सोयीच्या खोल्या गेलेल्या असतात आणि दोन-तीन प्रकरणेही शिकवून झालेली असतात. ज्याला आधाराची गरज जास्त, तोच या आधाराला मुकतो. शिवाय काही पालक आणि विद्यार्थी 'तिथे शिकवत काहीच नाहीत' म्हणून हे आठवडे टाळतात. प्रत्यक्षात वर्गमित्र, शिक्षक आणि परिसर यांची ओळख होण्यासाठी वर्षातला सर्वात मोकळा वेळ हाच असतो.

घरची आठवण, बोलीभाषा आणि एकटेपणा यांचे काय?

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९८७ मध्ये 'लीव्हिंग कॉलेज' या पुस्तकात विद्यार्थी कॉलेज का सोडतात, याची मांडणी केली. जुन्या समूहापासून वेगळे होणे, मधल्या काळातली अस्थिरता आणि नव्या समूहात सामावणे, हे तीन टप्पे त्यांनी मांडले. मधला टप्पा लांबला, की कॉलेज सोडण्याची शक्यता वाढते. घरची आठवण येणे हा आजार नाही, ती या मधल्या टप्प्याची खूण आहे.

महाराष्ट्रात याला भाषेचा एक पदर आहे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाडी वळणाने बोलणारा मुलगा पुण्यात बोलला की कुणीतरी हसते. शिकवणे इंग्रजीत आणि वर्गातल्या गप्पा हिंदी-इंग्रजीत. दहावी-बारावीला तालुक्यात पहिला आलेला विद्यार्थी इथे तोंड उघडायला कचरतो. शिकवलेले कळले नाही, तरी विचारत नाही. पहिल्या घटक चाचणीत कमी गुण पडले की आपण इथले नाहीच, अशी त्याची खात्री पटू लागते. वर्ग सुरू होण्याआधी खोलीतल्या दोन जणांशी तरी ओळख झाली असेल, तर निदान विचारायला माणूस असतो.

सर्वोच्च न्यायालयानेही या टप्प्याची दखल घेतली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, आणि परीक्षा व शैक्षणिक संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मार्गदर्शक नेमावेत, असे त्यात म्हटले आहे. घर सोडून कॉलेजात येण्याइतके मोठे संक्रमण दुसरे कोणते असणार? केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

लवकर आलेल्यांना रॅगिंगची भीती असते का?

ही भीती पालकांना असतेच. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वसतिगृहाच्या वेगळ्या इमारतीत किंवा भागात ठेवायचे असते. कॉलेजबाहेरच्या खासगी वसतिगृहांची स्थानिक पोलिसांकडे नोंद असावी, असेही हे नियम सांगतात. राज्यात १९९९ पासून स्वतंत्र रॅगिंग प्रतिबंध कायदा असून त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. मदतीसाठी १८००-१८०-५५२२ हा देशभरातील क्रमांक चोवीस तास चालतो. वॉर्डन आणि रॅगिंगविरोधी समितीतील शिक्षकांचे क्रमांक पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये साठवणे, हे आधी पोहोचण्याच्या कामांपैकीच एक काम आहे.

किती दिवस आधी यावे?

फार आधी येण्यातही तोटा आहे. वसतिगृह ठरलेल्या तारखेआधी उघडत नाही, मेस बंद असते, सीनियर गावी असतात आणि रिकाम्या खोलीत एकटेपणा जास्त जाणवतो. भाडेही वाढते. बहुतेकांना तीन ते पाच दिवस पुरतात. पहिला दिवस खोली आणि कराराचा, दुसरा कागदपत्रांचा, तिसरा रस्ता, बसपास, दवाखाना आणि बाजाराचा, उरलेले एक-दोन दिवस माणसांचे. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न, अधिवास आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या मूळ प्रती जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार-पाच छायाप्रती आणि मोबाइलमधील स्कॅन ठेवावेत. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि वसतिगृहाचा अर्ज याच कागदांवर अवलंबून असतो. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे घर सोडण्याआधीच तपासावे. मेसचे पूर्ण महिन्याचे पैसे भरण्याआधी आठवडाभर जेवून पाहावे.

पालकांनीही शक्य असेल तर पहिली रात्र थांबावे, पण पूर्ण आठवडा नाही. सगळी कामे वडिलांनीच केली, तर ते परतल्यावर मुलगा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

संस्था आणि सरकार काय करू शकतात?

महाराष्ट्राने हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवले. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या मुला-मुलींच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी उचलली. गरीब मुलगा फीमुळे नाही तर मुक्कामाच्या प्रश्नामुळे शिक्षण सोडतो, हे या सर्वांनी ओळखले होते.

आज लागणारे उपाय त्या मानाने कमी खर्चाचे आहेत. प्रवेश निश्चित करायला आलेल्या पालक-विद्यार्थ्यांसाठी कॉलेजने आठवडाभर सभागृहात अंथरुणाची आणि खाणावळीची सोय केली, तर लॉजचा खर्च वाचतो. परिसरातल्या तपासलेल्या खोल्यांची आणि मेसची यादी प्रवेशपत्रासोबतच देता येते. प्रत्येक फेरीनंतर दोन दिवसांचे छोटे 'इंडक्शन' घेता येते, म्हणजे उशिरा आलेला विद्यार्थी वाऱ्यावर राहत नाही. स्वाधार आणि तत्सम योजनांचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच देण्याची तरतूद झाली, तर अनामतीसाठी सावकाराकडे किंवा नातेवाइकांकडे जाण्याची वेळ येणार नाही.

पाच दिवस आधी पोहोचणे आज मुख्यतः ऐपतीवर अवलंबून आहे. ज्याच्या वडिलांना रजा मिळते, ज्याचा मामा शहरात राहतो, ज्याच्याकडे अनामतीचे पैसे तयार असतात, तो स्थिरावून वर्गात बसतो. बाकीचे सामानाच्या पिशव्या मित्राच्या खोलीवर ठेवून पहिल्या तासिकेला येतात. सहा महिन्यांनी निकाल लागतो तेव्हा दोघांची उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासली जाते. सुरुवात मात्र दोघांची एकाच रेषेवरून झालेली नसते, हे प्रवेशाचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.